मुलासाठी युरोपीय मुळाचं, दमदार अर्थाचं नाव कसं निवडावं: सोलापूरकर आईवडिलांसाठी

सोलापुरात बाळाचं नाव एका भाषेत ठरत नाही. आई मराठी बोलते, आजी कानडी, खालच्या मजल्यावरच्या काकू तेलुगू, आणि मामा म्युनिकहून व्हिडिओ कॉलवर आपली यादी वाचून दाखवतो. मी इथल्या प्राथमिक शाळेत शिकवते. पटावर आता सिद्धेश्वर, मल्लिकार्जुन, व्यंकटेश यांच्या शेजारी लिओ, एरिक, इवान, रायन बसलेले दिसतात. कुणाचे वडील परदेशी नोकरीला आहेत, कुणाची आई तिथलीच, कुणाचं घर ख्रिस्ती, तर कुणाला नुसतंच ते नाव आवडलं. कारण कुठलंही असो, नाव विचार करून ठेवलेलं असावं. पालक नावाबद्दल विचारायला येतात तेव्हा मी त्यांना एकच क्रम सांगते: आधी अर्थ तपासा, मग नाव घरच्यांच्या तोंडी बसतं का ते बघा, आणि शेवटी कागदावर चढवा. बहुतेक घरांत हे उलटं होतं. आधी कानाला गोड लागलेलं नाव दाखल्यावर चढतं आणि अर्थ नंतर शोधला जातो.

आधी मूळ ओळखा

"युरोपीय नाव हवं" एवढं म्हणून काम भागत नाही. ग्रीक, लॅटिन, जर्मानिक, केल्टिक आणि स्लाव्ह ही पाच मोठी घराणी आहेत आणि प्रत्येकाची नाव घडवण्याची रीत वेगळी आहे. रीत कळली की अर्थ सापडणं सोपं जातं.

ग्रीक नावं बहुधा दोन शब्द जोडून होतात. अलेक्झांडर म्हणजे 'अलेक्स', रक्षण करणं, आणि 'अँड्रॉस', पुरुषाचा: माणसांचा रक्षणकर्ता. निकोलस म्हणजे 'निके', विजय, आणि 'लाओस', लोक: लोकांचा विजय. थिओडोर म्हणजे देवाची देणगी, आपल्या देवदत्ताची तंतोतंत जोडी. जॉर्जचा अर्थ ऐकून आपल्याकडे अनेकांना आश्चर्य वाटतं. 'गे' म्हणजे जमीन आणि 'एर्गॉन' म्हणजे काम, थोडक्यात जमीन कसणारा. बार्शी-मोहोळच्या शेतकऱ्याच्या नातवाला हे नाव मला फार शोभेलसं वाटतं. पीटर म्हणजे खडक. अँड्र्यू किंवा आंद्रेस म्हणजे मर्द, धैर्यवान.

लॅटिन नावं सरळ असतात, बहुधा एकाच शब्दाची. व्हिक्टर म्हणजे विजेता आणि लिओ म्हणजे सिंह. विन्सेंट म्हणजे जिंकणारा, मॅक्सिमस म्हणजे सर्वांत थोर, कॉन्स्टंटाइन म्हणजे स्थिर, ढळणार नाही असा. व्हॅलेंटिनचा धागा 'व्हॅलेरे' या क्रियापदाशी जातो. त्याचा अर्थ बलवान, निरोगी असणं. आज मात्र ते नाव ऐकल्याबरोबर लोकांना फेब्रुवारी महिनाच आठवतो.

दमदार अर्थ शोधणाऱ्यांनी सर्वाधिक वेळ द्यावा तो जर्मानिक नावांना. जुन्या जर्मन, इंग्लिश आणि नॉर्स (स्कँडिनेव्हियातल्या) लोकांनी युद्ध, सत्ता, कीर्ती, शस्त्र, रानातले प्राणी अशा विषयांतले ठरावीक शब्द घेतले आणि दोन-दोन जोडून नावं केली. 'हार्ड' म्हणजे कणखर, शूर. तो रिचर्डमध्ये आहे (सत्ता आणि शौर्य), लिओनार्डमध्ये आहे (सिंहासारखा शूर), बर्नार्डमध्ये आहे (अस्वलासारखा कणखर) आणि जेरार्डमध्येही आहे (भाला आणि कणखरपणा). विल्यम म्हणजे इच्छाशक्ती आणि शिरस्त्राण. आज लोकप्रिय असलेलं लियाम हे त्याच विल्यमचं आयर्लंडमध्ये झालेलं छोटं रूप. रॉबर्ट म्हणजे कीर्तीने झळकणारा. हेन्री म्हणजे घराचा सत्ताधीश. एरिक जुन्या नॉर्स भाषेतून आलं. त्यातला शेवटचा तुकडा राज्यकर्त्याचा, आणि सगळ्याचा अर्थ सहसा 'सदैव राज्य करणारा' असा लावतात. असे वीसेक तुकडे ओळखीचे झाले की शेकडो नावं तुमची तुम्हाला फोडता येतात.

केल्टिक म्हणजे आयरिश, स्कॉटिश, वेल्श. डंकन म्हणजे तपकिरी योद्धा. डोनाल्ड म्हणजे जगावर राज्य करणारा. फर्गस म्हणजे पुरुष आणि जोम. एडन म्हणजे लहानगा अग्नी. स्लाव्ह म्हणजे रशियन, पोलिश वगैरे. त्या नावांत 'स्लाव' म्हणजे कीर्ती आणि 'व्लाद' म्हणजे सत्ता. यारोस्लाव हा प्रखर कीर्तीचा, आणि बोगदान देवाने दिलेला.

इथे एक गाळणी लावावी लागते. डॅनियल, गॅब्रिएल, मायकेल, जोशुआ, ईथन ही नावं युरोपात शतकानुशतकं नांदली, पण त्यांचं मूळ हिब्रू. ईथन म्हणजे दृढ, बळकट. गॅब्रिएल म्हणजे देव माझं बळ. अर्थ उत्तम आहेत. तुम्हाला मूळच युरोपीय हवं असेल तर ही नावं वेगळ्या रकान्यात लिहा. युरोपात रुळलेलं चालणार असेल तर बिनधास्त ठेवा. फक्त पुढे मुलाने विचारलं तर त्याला खरं मूळ सांगता आलं पाहिजे.

अर्थ खरा की चिकटवलेला

मोबाइलवर नावांच्या याद्या ढिगाने मिळतात. त्यांतल्या बऱ्याच याद्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात. 'सूर्यासारखा तेजस्वी, देवाचा लाडका, राजबिंडा' अशी विशेषणांची माळ एखाद्या नावापुढे दिसली की तिथेच थांबा. खरा अर्थ बहुधा लहान आणि रोखठोक असतो. सिंह, खडक, विजेता, भाला.

तपासताना मी तीन गोष्टी विचारते. नाव कुठल्या भाषेतलं, त्या भाषेत त्याचं जुनं रूप काय होतं, आणि त्या रूपाचे तुकडे कोणते. तिन्हींची उत्तरं देणारा स्रोत विश्वासाचा. 'युरोपियन नाव, अर्थ बलवान' एवढंच लिहिणारा बाजूला ठेवा. इंग्रजीत नावांच्या व्युत्पत्तीचे चांगले कोश आहेत, इंटरनेटवरही आहेत, त्यांतले किमान दोन पडताळा. दोघांचं जुळलं तर पुढे जा.

इवानचंच बघा. आपल्याकडे हे नाव झपाट्याने पसरलंय आणि त्याचा अर्थ कुणी सूर्य सांगतं, कुणी राजा. इवान हे जॉनचं स्लाव्ह रूप, एव्हन हे वेल्श रूप, आणि जॉनचं मूळ हिब्रू 'योहानान': देव कृपाळू आहे. अर्थ सुंदर आहे, पण तो बळाचा नाही. लुकासचंही तसंच. लॅटिनमध्ये 'लुक्स' म्हणजे प्रकाश असल्यामुळे लुकास म्हणजे प्रकाशमान असं सर्रास सांगतात. लुकास म्हणजे मुळात इटलीच्या दक्षिणेतल्या लुकानिया प्रांताचा रहिवासी. प्रकाशाचं नाव हवं असेल तर लुसियस घ्या, त्याचा धागा खरोखर 'लुक्स'शी जातो. आर्थरच्या अर्थावर तर अभ्यासकांचंच एकमत नाही. कुणी ते अस्वलाशी जोडतं, कुणी एका रोमन कुळनामाशी. ज्यांना अर्थ पक्का हवा त्यांनी आर्थर बाजूला ठेवलेलं बरं.

काही भारदस्त नावांचे अर्थ ऐकून पालक गप्पच होतात. पॉल म्हणजे लहान. क्लॉड म्हणजे लंगडणारा. सेसिल आंधळ्यासाठीच्या शब्दावरून आलं. कॅमेरॉन म्हणजे वाकड्या नाकाचा. ही नावं वाईट नाहीत, मोठमोठ्या माणसांनी ती मिरवली आहेत. पण तुम्ही शोधताय ते बळाच्या अर्थाचं नाव, तेव्हा ही यादीत नकोत.

उलटही घडतं. अडॉल्फ म्हणजे उमदा लांडगा, अर्थाने भक्कम जर्मानिक नाव. ते आज कुणी का ठेवत नाही हे सांगायला नको. नाव घेताना त्याच्यामागचा इतिहासही सोबत येतो, म्हणून शेवटच्या तीन-चार नावांच्या बाबतीत ती ती नावं धारण केलेली ठळक माणसं कोण होती ते वाचून घ्या.

आपल्या शब्दांची भावकी

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो हा भाग, आणि घरच्या मोठ्यांना पटवायलाही हाच कामी येतो. संस्कृत, ग्रीक, लॅटिन, जर्मानिक, केल्टिक, स्लाव्ह या सगळ्या एकाच मोठ्या भाषाकुळातल्या. त्यामुळे अनेक युरोपीय नावांच्या पोटात आपलेच शब्द वेगळ्या उच्चाराने बसलेले आहेत.

अलेक्झांडर आणि अँड्र्यूमधला 'अँडर' म्हणजे ग्रीक 'अनेर', आपल्या 'नर' या शब्दाचा भाऊ. रिचर्ड आणि एरिकमधला 'रिक' लॅटिनच्या 'रेक्स'च्या आणि संस्कृतच्या 'राजन्'च्या गोत्रातला. फर्गसमधला 'फर' म्हणजे पुरुष. लॅटिनमध्ये तो 'विर' आणि आपल्याकडे 'वीर'. यारोस्लावमधला 'स्लाव' आणि संस्कृतातला कीर्ती या अर्थाचा 'श्रवस्' एकाच मुळाचे. बोगदानमधलं 'दान' आपल्या दानाचंच नातेवाईक, आणि 'बोग' हा 'भग'च्या भावकीतला. एडनच्या मुळाशी आयरिश 'एध', म्हणजे अग्नी. त्याच्या मुळाशी संस्कृत 'एधस्' आणि आपलं रोजचं 'इंधन' जोडलेलं आहे.

आजोबा म्हणाले की "हे कसलं परकं नाव", तर त्यांच्याशी वाद घालू नका. "आबा, यात आपला नर आहे, यात राजा आहे," एवढं सांगा. ज्या घरात पणजोबा वीरभद्र आणि आजोबा राजशेखर, तिथे फर्गस किंवा एरिक अगदीच उपरं राहत नाही. अलेक्झांडर तर फार आधी आपल्याकडे येऊन बसलाय. फारसी-अरबीतून येताना त्याचा सिकंदर झाला, आणि या नावाची माणसं सोलापुरात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. युरोपीय मूळ, पक्का अर्थ आणि दख्खनी उच्चार हे तिन्ही हवं असेल तर सिकंदरचा विचार जरूर करा.

ख्रिस्ती घरांना आणखी एक वाट आहे. मराठी बायबलमध्ये ही नावं कधीच मराठी वळणाची झाली आहेत: अंद्रिया, पेत्र, स्तेफन, फिलिप्प. स्तेफन ग्रीक आहे, अर्थ मुकुट. इंग्रजी स्टीव्हनपेक्षा मला स्तेफन जास्त भारदस्त वाटतं, आणि आजीला ते म्हणायलाही सोपं जातं.

दोन देश एका नावात गुंफण्याचं उदाहरण तर या शहराच्या घरातलंच आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1910 साली सोलापुरात जन्मले, 1938 मध्ये वैद्यकीय पथकासोबत चीनला गेले आणि तिथल्याच गुओ छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं. 1942 मध्ये मुलगा झाला. त्याचं नाव यिनहुआ. 'यिन' म्हणजे भारत आणि 'हुआ' म्हणजे चीन. त्याच वर्षी डिसेंबरात डॉक्टर गेले. दोन अक्षरांत आई आणि बाप दोघांचे देश आले. ज्या घरात आईवडील दोन देशांचे किंवा दोन भाषांचे आहेत, त्यांनी नाव ठरवताना हे जरूर आठवावं.

नावरस अक्षर आडवं आलं तर

बहुतेक घरांत पत्रिका बनते आणि नक्षत्राच्या चरणावरून अक्षर निघतं. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, असे एकशे आठ ध्वनी. यातले काही ध्वनी मराठीत नावाला फार अडचणीचे आहेत. बाळ आश्लेषावर जन्मलं तर डी, डू, डे, डो. पूर्वा फाल्गुनीला मो, टा, टी, टू. उत्तराभाद्रपदाला दू, थ, झ, ञ. 'ड'वरून किंवा 'थ'वरून मुलाचं नाव शोधताना घरोघरी डोक्याला हात लावून बसलेली माणसं मी पाहिली आहेत. नेमकी इथेच युरोपीय नावं उपयोगी पडतात. 'थ'ला थिओडोर आहे, हाक मारायला थिओ. 'डो'ला डॉमिनिक किंवा डोनाल्ड, 'डे'ला डेनिस, आणि 'डू'च्या आसपास डंकन. भरणीच्या 'ली'ला लिओ आणि 'लू'ला लुई (युद्धात नावाजलेला). कृत्तिकेच्या 'अ'ला अलेक्झांडर आणि 'ए'ला एरिक. रोहिणीच्या 'वी'ला व्हिक्टर, विन्सेंट. पुष्याच्या 'हे'ला हेन्री. अनुराधेच्या 'नी'ला निकोलस.

अक्षर जुळतच नसेल तर अडून बसू नका. आपल्याकडे जन्मनाव वेगळं आणि व्यवहारातलं नाव वेगळं ठेवायची जुनी चाल आहे. पाळण्यात अक्षराचं किंवा कुलदैवताचं नाव ठेवा, सिद्धराम, मल्लिनाथ, काहीही. दाखल्यावर व्हिक्टर लिहा. अशी जोडी मुलाला दोन्ही बाजूंनी आधाराची ठरते.

तीन भाषांत हाक मारून बघा

यादी चार-पाच नावांवर आली की कागद बाजूला ठेवा आणि मोठ्याने हाक मारा. घरातून नव्हे, जिन्यावरून किंवा गल्लीच्या टोकावरून. पूर्व भागात मागांच्या खटखटाटात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको: स्वरावर संपणारं नाव लांब जातं. लिओ, थिओ, मार्को यांची हाक ताणता येते. बर्नार्ड, रिचर्ड शेवटी आपटून थांबतात, आणि तो 'र्ड' घाईत गिळला जातो.

मग हेच नाव कानडी आणि तेलुगू बोलणाऱ्या माणसांकडून म्हणवून घ्या. इवानचं काय होतं बघा. कानडीत 'इवनु' म्हणजे 'हा', तोही एकेरीतला. माझ्या वर्गात एक इवान होता. शाळा सुटताना त्याची आजी फाटकाशी उभी राहून "इवान, इवान" अशी हाक मारायची आणि शेजारच्या अक्कलकोटकडच्या बाया वळून बघायच्या, ही कुणाकडे बोट दाखवतेय म्हणून. तेलुगूत 'इव्वनु' म्हणजे 'मी देणार नाही'. डब्यातला खाऊ वाटून न देणाऱ्या इवानला तेलुगू पोरं याच शब्दाने चिडवणार. एवढ्याने नाव टाकून द्यावं असं नाही, पण हे तुम्हाला आधीच माहीत असायला हवं. 'रे' हे नाव मात्र मी इथे ठेवू देणार नाही. तेलुगूत 'रेय्' ही सरळसरळ 'ए पोरा'ची हाक आहे आणि मराठीतही ते 'अरे'चं शेपूट वाटतं.

मराठीचा कान त्याहून कडक. एडनचा अर्थ अग्नी, पण शाळेच्या मैदानावर त्याचा 'येड्या' व्हायला एक दुपार पुरते. ह्यूगो जर्मानिक आहे, मन आणि बुद्धीच्या अर्थाचं, पण मराठी पोरं त्याचं काय करतील ते तुम्हीच जाणा. लुकाचा 'लुख्खा' होतो. आपल्या बोलीत प्रत्येक नावाला 'या' लागतो, आणि ते प्रेमानेच लागतं: व्हिक्टरचा विक्या, एरिकचा एरक्या, निकोलसचा निक्या. हे रूप कानाला चाललं तरच नाव चाललं, कारण पुढची दहा-पंधरा वर्षं मित्र त्याला त्याच रूपाने हाक मारणार आहेत.

आणखी एक गोष्ट आपल्या गल्ल्यांत फिरल्याशिवाय कळत नाही. ब्रुनो, रॉकी, सीझर, मॅक्स ही नावं इथे मुख्यतः कुत्र्यांची आहेत. लिओसुद्धा त्या वाटेवर आहे. तुमच्या सोसायटीत एखादा लिओ आधीच साखळीला बांधलेला असेल, तर लिओनार्ड लिहा आणि घरात 'लिओन' म्हणा. सिंह राहील आणि घोटाळाही टळेल.

आई, वडील आणि आडनावासकट पूर्ण नावही एकदा मोठ्याने वाचा. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांची नावं महाराष्ट्रात सरकारी कागदांवर अशी लिहायची आहेत: मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. म्हणजे आता चार शब्द एका श्वासात येतात. 'एरिक सुवर्णा महेश बिराजदार' छान वाहतं. 'अलेक्झांडर विजयालक्ष्मी चंद्रशेखर म्हेत्रे' हजेरीला वाचताना धाप लागते, शिवाय अर्जांवरच्या चौकटीही पुरत नाहीत. आईवडिलांची नावं लांब असतील तर मुलाचं नाव तीन-चार अक्षरांत आटपा. पूर्ण अलेक्झांडरऐवजी अलेक्सिस घ्या. अर्थ तोच, रक्षण करणारा. मात्र इंग्रजीभाषक देशांत ते मुलींनाही ठेवतात, तिकडे जायचा विचार असेल तर लक्षात घ्या.

स्पेलिंग एकदाच, पण पक्कं

नाव ठरलं की दोन लिप्यांतली रूपं कागदावर लिहून घरातल्या सगळ्यांच्या फोनवर पाठवा. परदेशी नावाला सर्वांत जास्त त्रास होतो तो इथेच. एरिकच्या शेवटी इंग्रजीत 'सी' येतो, 'के' येतो किंवा दोन्ही. व्हिक्टरलाही 'सी' आणि 'के' दोन्ही चालतात. मराठीत कुणी 'व्हिक्टर' लिहितं, कुणी 'विक्टर'. 'एरिक'चा 'एरीक' होतो. संगणक इंग्रजीवरून आपोआप मराठी उमटवतो तेव्हा 'लिओ'चा 'लेओ' झालेला दिसतो. जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरं आणि शाळेत तिसरं अशी नावं पडली की दहावीच्या अर्जाच्या वेळी पालक खेटे घालत बसतात. हे मी दरवर्षी बघते.

म्हणून सोपं रूप निवडा. ज्या देशात जायची शक्यता आहे तिथलं वळण घ्या. जर्मनी-पोलंडकडे व्हिक्टर 'के'ने लिहितात, इंग्लंडकडे 'सी'ने. अक्षरांवर टिंबं-रेघा असलेली रूपं टाळा. एकच नाव देश बदलला की उच्चार बदलतं, हेही ध्यानात ठेवा. जॉर्ज जर्मनीत गेऑर्ग होतो, स्पेनमध्ये होर्हे, आणि रशियात त्याचंच एक रूप युरी. मुलाला सगळीकडे एकाच उच्चाराने ओळखलं जावं असं वाटत असेल तर व्हिक्टर, एरिक ही सुरक्षित नावं. युरोपातल्या बहुतेक भाषांत ती जवळपास तशीच ऐकू येतात.

नोंदणीची घाई करू नका, पण मुदत सांभाळा. जन्माची नोंद एकवीस दिवसांच्या आत व्हावी लागते. दवाखान्यात जन्म झाला असेल तर दवाखानाच ती महानगरपालिकेकडे कळवतो, आणि त्या वेळी नावाची जागा कोरी ठेवता येते. नाव नंतर घालता येतं. पहिल्या बारा महिन्यांत त्याला शुल्क नाही, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. म्हणजे बारशाला ठरलेलं नाव महिनाभर वापरून बघायला वेळ मिळतो. ही सवलत वापरा. परिचारिका अर्ज घेऊन आली आणि "काय लिहू?" म्हणाली, तर "नाव नंतर देतो" असं सांगायला संकोच करू नका. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखला हाच जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा आहे. त्यावर एकदा चढलेलं नाव पूर्ण बदलायचं म्हणजे मोठा व्याप होतो.

बारशाच्या आधी आत्याला गाठा. कानात 'कुर्रर्र' करून नाव सांगायचा मान तिचा, आणि ऐन वेळी 'थिओडोर' तिच्या तोंडी अडखळलं तर तिला वाईट वाटेल. आठवडाभर आधी तिला नाव सांगा, अर्थ सांगा, चार वेळा म्हणवून घ्या. पाळणा म्हणणाऱ्या बायकांनाही नाव आधीच कळवा म्हणजे त्या ते कडव्यात बसवतील. 'लिओ' सहज बसतं, 'विन्सेंट'साठी चाल थोडी ओढावी लागते.

नाव घालायचा अर्ज देताना दोन्ही लिप्यांतलं रूप स्वतःच्या हाताने, सुट्ट्या अक्षरांत लिहा. तोंडी सांगून लिहायला लावू नका. दाखला हातात आला की खिडकीपाशीच उभं राहून वाचा: मुलाचं नाव, आईचं, वडिलांचं, आडनाव, आधी मराठीत मग इंग्रजीत, एकेक अक्षर. वेलांटी चुकली असेल तर दुरुस्तीचा अर्ज त्याच दिवशी द्या, आणि बरोबर असेल तर पुढचे सगळे कागद त्याच दाखल्यावरून उतरवा.